ओळीच्या टोकाचा श्वास

नववीच्या वाचनमालेचं नवं पुस्तक चाळता चाळता शलाका म्हेत्रे तिसऱ्या धड्यापर्यंत पोचली, तेव्हा तिला निरंजनचा श्वास ऐकू आला.

भर दुपार होती. वीज गेल्यामुळे दुकानातला पंखा बंद होता आणि सांगलीच्या गणपती पेठेमागची ती गल्ली जेवून आडवी झाल्यासारखी शांत होती. त्या शांततेत अगदी जवळून आवाज आला. आधी दोन आखूड श्वास. मग घोट गिळताना होते तशी अडखळ. आणि मग खालून ओढून काढलेला एक लांब श्वास, शेवटी बारीक शीळ घालणारा.

शलाकानं मान वळवली. शेजारच्या खुर्चीवर लग्नपत्रिकांचे नमुने रचून ठेवले होते. निरंजन जाऊन दोन दिवाळ्या होऊन गेल्या होत्या.

तिनं श्वास रोखला. आवाजही थांबला. आणि मग तिच्या लक्षात आलं, आवाज तिच्याच घशातून येत होता.

पुस्तक मिटून ती दारात जाऊन उभी राहिली. पाणी प्यायली. समोरच्या हळदीच्या गोदामातून पोती बाहेर काढत होते, ते थोडा वेळ बघत राहिली. श्वास पूर्ववत झाला. मग तिनं परत येऊन पुस्तक उघडलं आणि तोच धडा पहिल्यापासून वाचायला घेतला. पान संपता संपता तिचा उजवा खांदा आपोआप वर उचलला गेला. दोन आखूड श्वास, अडखळ, आणि ती शीळ.

या वेळी तिनं पुस्तक मिटलं नाही.

निरंजन, तिचा नवरा, याच दुकानात डीटीपीचं, म्हणजे संगणकावर पानं जुळवायचं काम करायचा. पुस्तकं, स्मरणिका, शाळांचे अंक. शलाका त्याची प्रुफं वाचायची. पुण्या-मुंबईचे प्रकाशकसुद्धा त्याच्याकडे काम पाठवायचे, ते एका गोष्टीसाठी. ती बाहेरच्या माणसाला सांगूनही पटकन कळायची नाही. निरंजनच्या पानावर ओळी नीट मोडलेल्या असत.

मराठीत शब्दाला प्रत्यय चिकटत जातात. ‘ग्रामपंचायतींच्यासुद्धा’ हा एकच शब्द. असा शब्द ओळीच्या टोकाशी मावला नाही की सॉफ्टवेअर तो अख्खा उचलून खालच्या ओळीत टाकतं, आणि वर उरलेले शब्द दोन्ही कडांना पोचावेत म्हणून ताणून बसवतं. मग ओळीत पडक्या दातांसारख्या फटी दिसायला लागतात. इंग्रजीत शब्द आडवी रेघ देऊन मधेच तोडतात. आपल्याकडे भलत्या जागी रेघ आली की वाचणारा ठेचकाळतो. निरंजन यावर एकच उपाय करायचा. पान स्वतःशी पुटपुटत वाचायचा आणि ओळ जिथे मोडायला हवी तिथे शिफ्ट-एंटर मारायचा. एखादा शब्द वर ओढून घ्यायचा, एखादा खाली ढकलायचा. पानामागून पान, वर्षामागून वर्ष.

“तुला कसं कळतं कुठे मोडायचं?” शलाकानं लग्नाच्या नव्या नवलाईत विचारलं होतं.

“थांबावंसं वाटतं तिथे थांबतो,” तो म्हणाला होता.

त्यांची मुलगी केतकी चौथीत असताना त्याला तो आजार झाला. फुप्फुसं हळूहळू कडक होत जातात आणि हवा असूनही आत घेता येत नाही. पुढची तीन वर्षं टेबलाखाली प्राणवायूचं यंत्र घरघरत राहिलं. नाकाला नळी लावून, टेबलाची कड डाव्या हातानं घट्ट धरून निरंजन काम करत राहिला. “पडून राहिलो की मोजत बसतो. काम करताना तरी विसरतो,” असं म्हणायचा. श्वास मोजत बसतो, हे त्याला म्हणायचं असे.

तो गेल्यावर काही महिन्यांनी पुण्याहून डॉ. सानिका धुपकर यांचा फोन आला. त्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या वाचन-प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होत्या. कंपनी ‘ओघ’ नावाचं इंजिन तयार करत होती. एकच मजकूर फोनवर, टॅबवर, छापील पानावर वेगवेगळ्या रुंदीत वाहतो, आणि दर वेळी ओळी नव्यानं मोडाव्या लागतात. प्रत्येक दोन शब्दांमध्ये एकच प्रश्न असतो: इथे मोडायचं की पुढे जायचं? ओघ ते माणसाकडून शिकणार होतं. त्यासाठी अनुभवी माणसांनी हातानं मोडलेल्या ओळी हव्या होत्या, आणि निरंजनइतक्या ओळी महाराष्ट्रात कुणीच मोडलेल्या नव्हत्या.

शलाकानं त्याच्या सगळ्या फाइली देऊन टाकल्या. कुठेतरी त्याचा हात चालू राहील, एवढंच तिच्या मनात होतं.

वर्षभरात ओघ सगळीकडे गेलं. वर्तमानपत्रं, दिवाळी अंक, औषधाच्या पुड्यांमधली माहिती, वीजबिलावरच्या सूचना. मराठी पान इतकं देखणं कधी दिसलं नव्हतं, असं लोक म्हणायला लागले. जूनमध्ये केतकीच्या शाळेनं नववीला लावलेली वाचनमालाही त्याच इंजिनावर जुळवून आली.

त्या दुपारनंतर शलाकाला एक सवय लागली. केतकी शाळेत असायची. जेवण झालं की शलाका दुकानाचं अर्धं शटर ओढायची आणि वाचत बसायची. ओघनं जुळवलेलं काहीही चालायचं, फक्त मजकूर लांब आणि सलग हवा. फोनवर दोन ओळी वाचून काही होत नसे. पान, दोन पानं, तीन पानं वाचावी लागत, आणि मग तो यायचा.

तो येतोय हे तिला आधी हातात कळायचं. डावा हात टेबलाची कड शोधायला लागे. मग खांदा, मग घसा. काय वाचतेय त्याच्याशी तिला देणंघेणं उरलं नव्हतं. पीकविम्याच्या नियमांपासून रव्याच्या लाडवांपर्यंत काहीही ती त्याच ओढीनं वाचायची. आजाराचा श्वास होता तो, त्रासाचा होता, पण त्याचा होता. शेवटच्या दिवसांत रात्ररात्र ती त्या आवाजाला कान लावून पडायची, तो चालू आहे ना एवढंच बघत. आता तो बंद पडायची भीती नव्हती. पान उलटलं की तो पुढे चालू व्हायचा.

एका दुपारी तिचा दीर तुषार सहज म्हणून दुकानात आला. शटरखालून वाकून आत शिरला आणि तिथेच थबकला. शलाका पाठमोरी बसून हलक्या आवाजात वाचत होती.

“वहिनी,” तो म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. “वहिनी, थांबा जरा. थांबा.”

तिनं वळून पाहिलं. तुषारचा चेहरा पांढरा पडला होता.

“काय झालं भावजी?”

“दादा बसलाय असं वाटलं.” तो खाली बसला. “शर्टसुद्धा दिसला मला त्याचा. तुम्ही डॉक्टरांना दाखवा वहिनी. तुम्हाला धाप लागलीय.”

“मला काही झालेलं नाही.”

“मग असा श्वास का घेताय?”

ती हातातलं पुस्तक मिटून उठली. चहा मागवते म्हणाली. तुषारनं चहा घेतला नाही, आणि नंतर तो दुकानात येण्याआधी बाहेरून हाक मारायला लागला.

सप्टेंबरात शाळेतून मगदूम बाईंचा फोन आला. त्या मुलींना कबड्डी शिकवायच्या.

“केतकीच्या आई, संध्याकाळी ग्राउंडवर या जरा. तक्रार-बिक्रार नाही. पण या.”

शलाका गेली. केतकी चढाईला निघाली होती. मध्यरेषा ओलांडून “कबड्डी कबड्डी कबड्डी” म्हणत ती समोरच्या मुलींवर झेपावली. मुलीचा दम तुटत होता. नुसता तुटत नव्हता. दोन तुकडे, मधे अडखळ, मग शीळ. मगदूम बाईंनी शिट्टी फुंकली. केतकी मैदानाच्या मधोमध गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली.

“बघितलंत?” बाई म्हणाल्या. “जूनपर्यंत हीच पोरगी पलीकडं जाऊन, दोघींना टिपून, हसत परत यायची. आणि हिचं एकटीचं नाही. नववीतल्या सगळ्या पोरींचं असंच चाललंय, कमीजास्त. आठवीच्या बऱ्या आहेत, दहावीच्या बऱ्या आहेत. नववीलाच काय झालंय काय कळंना.”

मुली गेल्यावर केतकी पायरीवर बसून गुडघ्यावरच्या पट्ट्या सोडत होती. शलाका शेजारी बसली.

“आई, मला माहितेय मला काय झालंय,” केतकी खाली बघतच म्हणाली.

“काय?”

“बाबांना झालं होतं ते.”

 “कधीपासून वाटतंय तुला असं?” शलाकानं विचारलं.

“पावसाळ्यापासून. अभ्यासाला बसलं की जास्त होतं. सेम त्यांच्यासारखं होतं आई, मला आठवतंय ना.” तिनं पट्टी गुंडाळली, परत सोडली. “तुला सांगणार नव्हते. तू हल्ली दुपारनंतर खुशीत असतेस. म्हटलं, राहू दे.”

दुसऱ्याच दिवशी शलाका तिला छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. फोटो काढले, नळीत फुंकायला लावलं. फुप्फुसं ठणठणीत होती. खेळाचा ताण असेल, असं डॉक्टर म्हणाले. केतकीचा त्यावर विश्वास बसला नाही. निरंजनलाही सुरुवातीला असंच सांगितलं होतं.

त्या संध्याकाळी शलाका भाकरी थापत होती. बाहेरच्या खोलीतून निरंजनचा श्वास आला.

ती पिठाच्या हातानं तशीच बाहेर गेली. केतकी वाचनमालेचं पुस्तक घेऊन बसली होती. उजवा खांदा कानापर्यंत चढलेला, डाव्या हातानं टेबलाची कड गच्च धरलेली, बोटांची पेरं पांढरी. शलाकानं पुस्तक हिसकावून घेतलं.

“आई! उद्या चाचणी आहे!”

“बोल माझ्याशी. काहीही बोल.”

“काय बोलू?”

“काहीही. मैत्रिणींचं सांग. मगदूम बाईंचं सांग.”

केतकी चिडून काहीतरी सांगायला लागली आणि बोलता बोलता तिचा खांदा खाली आला. कडेवरचा हात सुटला. भाकरी करपल्याचा वास येईपर्यंत शलाका तिच्याकडे बघत उभी होती. जे ती इतके दिवस रोज दुपारी हौसेनं बोलावत होती, ते संध्याकाळी तिच्या मुलीच्या मानगुटीवर बसत होतं.

डॉ. सानिका धुपकर पन्नाशीच्या, बारीक चणीच्या बाई होत्या. त्यांनी फोनवर शलाकाचं म्हणणं मधे न बोलता ऐकलं आणि म्हणाल्या, “मुलीला घेऊन या. उद्याच या.”

प्रयोगशाळेत त्यांनी केतकीच्या छातीला एक मऊ पट्टा बांधला. समोरच्या कॅमेऱ्यातून तिच्या बुबुळांची हालचाल टिपली जात होती. आधी तिला साध्या सॉफ्टवेअरनं, नुसती रुंदी बघून जुळवलेली पानं वाचायला दिली. पडद्यावर तिच्या श्वासाची लाट उमटत गेली. मग तोच मजकूर ओघनं जुळवून दिला. लाट काही वेळ तशीच राहिली. मग वाकायला लागली. चौथ्या पानावर डॉ. धुपकरांनी चष्मा काढला आणि पुसून परत लावला.

केतकीला त्यांनी कँटीनमध्ये पाठवलं आणि दार लावून घेतलं.

“आपण मनात वाचतो ना शलाकाताई, तेव्हाही घसा पुरता गप्प नसतो,” त्या म्हणाल्या. “बोलण्याचे स्नायू अगदी बारीक हलत असतात. डोळा ओळीच्या टोकाला पोचला की उडी मारून खालच्या ओळीच्या सुरुवातीला येतो. त्या उडीच्या क्षणी वाचन थांबलेलं असतं. शरीर ती संधी साधतं आणि श्वास तिथे बसवतं. हे आम्हाला माहीत होतं. पण नेहमीच्या छपाईत ओळ कुठेही तुटते, त्यामुळे श्वासाला धरायला काही लय मिळत नाही. ओघमध्ये लय आहे. एकाच माणसाची, पानच्या पान. वाचणाऱ्याचा श्वास तिच्यात जाऊन बसतो. दोन माणसं बरोबर चालायला लागली की पावलं जुळतात, तसं.”

“पण निरंजन काही जन्मभर आजारी नव्हता. त्याच्या आधीच्या कितीतरी वर्षांच्या फाइली दिल्या मी तुम्हाला.”

“त्या जुन्या फाँटमध्ये होत्या. इंजिनाला त्या वाचता आल्या नाहीत, गाळल्या गेल्या. शेवटच्या तीन वर्षांच्या युनिकोडमध्ये होत्या. ओघ शिकलं ते त्यांच्यावर.” त्यांनी पडद्यावरच्या लाटेकडे बोट केलं. “तुमचे यजमान पुटपुटत ओळी मोडायचे, हे तुम्ही काल फोनवर सांगितलंत. फाइलीत ते दिसत नाही. त्यांचा दम जिथे सरला, तिथे त्यांनी ओळ मोडली.”

“मग आजार तेवढा काढून टाका त्यातून.”

“चहातली साखर काढता येत नाही. एक तर त्यांचं सगळं काम काढावं लागेल. तुम्ही संमती मागे घेतलीत तर कंपनीला ते करावंच लागतं, करार तसा आहे. ओघ पुन्हा रुंदी मोजून ओळी मोडायला लागेल.” त्यांनी एक पाकीट टेबलावर ठेवलं. “नाहीतर दुसरा मार्ग आहे. कंपनीला तो आवडलाय. जुने फाँट आता वाचता येतात. आजाराच्या आधीच्या कामावर इंजिन नव्यानं शिकवायचं. रात्रीतून थोडं शिकवून बघितलं मी. वाचून बघा.”

शलाकानं तो पट्टा स्वतःच्या छातीला बांधून घेतला आणि पानं उचलली. मजकूर काय होता हे तिला नंतर आठवेना. पहिल्या पानावर काहीच झालं नाही. दुसऱ्यावर तिची पाठ सरळ झाली. आणि मग श्वास खाली, पोटापर्यंत गेला आणि तिथे ऐसपैस बसला, आणि घाई न करता परत आला. कृष्णेच्या पलीकडच्या काठाला हात लावून पोहत परत आलेला, अंग न पुसताच सायकलवर बसून तिला भेटायला आलेला निरंजन. असा माणूस आपल्या घरात होता हे ती विसरून गेली होती. आजारानं तो पुसून टाकला होता. ती हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

केतकी कँटीनमधून परत आली होती. “काय वाचतेयस?” तिनं विचारलं आणि आईच्या हातातली पानं घेतली. डॉ. धुपकरांनी शलाकाचा पट्टा सोडवून पुन्हा तिला बांधला.

केतकी बराच वेळ वाचत होती. वाचून झाल्यावर तिनं पानं छातीशी धरली.

“बाबा असे होते?”

“हो.”

“मला आठवतच नाहीत असे. मला ते मशीनच आठवतं.” तिचा चेहरा उजळला होता. “आई, हे राहू दे. हे किती छान वाटतंय. मला दमसुद्धा लागत नाहीये.”

शलाकानं पडद्याकडे पाहिलं. दोन लाटा एकीवर एक होत्या, तिची आणि केतकीची, आणि त्यांच्यात केसाचाही फरक नव्हता.

“हिची स्वतःची कुठली?” तिनं डॉ. धुपकरांना विचारलं.

त्यांनी पहिली लाट समोर आणली. साध्या पानांवरची. ती काही फार सुबक नव्हती. उतावळी होती, कुठे भराभर, कुठे रेंगाळणारी, मधेच एक टप्पा गाळून पुढे उडी मारणारी. केतकी तान्ही असताना शलाका पाळण्यावर वाकून हाच श्वास ऐकायची. नव्या लाटेत त्याचा मागमूस नव्हता.

“ओघ किती मुलं वाचतात?”

“मराठी वाचणारी जवळजवळ सगळी.”

“आणि सगळ्यांना निरंजन.”

“धडधाकट निरंजन,” डॉ. धुपकर म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “मी कंपनीची नोकर आहे. पण कालपासून माझ्या घरातली नवी पुस्तकं मी उघडलेली नाहीत.”

शलाकानं केतकीच्या हातातली पानं सोडवून घेतली. केतकीनं ती सहजासहजी दिली नाहीत. शलाकानं ती टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “सगळं काढा. त्याचं काहीच ठेवू नका.”

परतीच्या बसमध्ये केतकी खिडकीकडे तोंड करून बसली. कराड मागे पडलं तेव्हा ती बोलली.

“त्या मुलांचं काय बिघडलं असतं? चांगलाच श्वास होता.”

“चांगला होता.”

“मग?”

“त्यांचा नव्हता गं.”

“तुझ्याकडे ते सगळे बाबा आहेत. पोहणारे, सायकलवरचे. माझ्याकडे नाहीत. तिथे होते, ते तू टेबलावर ठेवून आलीस. ती पानं तरी घ्यायचीस.”

 ती पानं पिशवीत घ्यायला तिचा हात दोनदा पुढे झाला होता. घेतली असती तर आपण पुन्हा रोज दुपारी शटर ओढून बसलो असतो, हे तिला माहीत होतं. पण हे पोरीला कसं सांगायचं ते तिला कळेना.

ओघमधून निरंजन गेला. महिन्याभरात वर्तमानपत्रांत फटी दिसायला लागल्या, ओळींच्या टोकाला शब्द लोंबकळायला लागले. पूर्वीसारखं राहिलं नाही, असं लोक म्हणाले आणि मग त्यांना त्याचीही सवय झाली. वाचनमालेची छापील पुस्तकं शाळेनं परत मागवली. नववीच्या मुलींचा दम आपोआप परत आला, आणि मगदूम बाईंनी त्याचं श्रेय सकाळच्या धावण्याला दिलं.

शलाकाला मात्र बरेच दिवस वाचता येईना. ओळीच्या टोकाला येऊन ती थांबायची. तिथे कुणीतरी असायचं, आता नव्हतं. प्रुफं हातात घेतली की छातीत एक रिकामा खळगा पडायचा. निरंजन गेला तेव्हा बारा दिवस माणसांची ये-जा होती, लोक जेवण आणून देत होते. या वेळी कुणालाच काही कळलं नाही. केतकी कामापुरतं बोलायची. ताट वाढून घ्यायची, आणि पोटभर जेवून उठून जायची.

जानेवारीत जिल्ह्याच्या सामन्यात तिचं बोट मुरगळलं. शलाका तिला मिरजेला हाडाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. बाहेर बाकांवर गर्दी होती. दोघींना एका कोपऱ्यात जागा मिळाली. समोर एक पैलवान बसला होता. कान चुरगळलेले, मान आणि डोकं एकाच जाडीचं, एक पंजा पट्टीत गुंडाळलेला. दुसऱ्या हातानं त्यानं मांडीवर ओघच्या काळातला एक जुना दिवाळी अंक उघडून धरला होता आणि कथा वाचण्यात तो रंगून गेला होता.

दोन आखूड श्वास. अडखळ. लांब ओढलेला एक, आणि शीळ.

केतकी बोट चोळायची थांबली. शलाकानं तिच्याकडे पाहिलं, तिनं शलाकाकडे. एवढा दांडगा गडी. त्याचा एक खांदा वर चढला होता आणि पट्टीतला पंजा बाकाची कड धरायची धडपड करत होता. बाकी कुणाचं लक्ष नव्हतं. त्यानं पान उलटलं. श्वास पुढे चालू झाला.

शलाकानं डोळे मिटले. कथा लांबलचक असू दे, एवढंच तिच्या मनात आलं.

“आई,” केतकी कानाशी कुजबुजली. “बाबा.”

“हं.”

थोडा वेळ दोघी नुसत्या ऐकत राहिल्या. श्वास आणखी आखूड होत चालला होता. शीळ चढत होती.

“त्रास होतोय गं त्यांना,” केतकी म्हणाली. कुणाला ते तिनं सांगितलं नाही.

शलाकानं डोळे उघडले. तिच्यानं उठवेना. केतकीच उठली, समोर गेली आणि पैलवानाच्या पुढ्यात उभी राहिली.

“दादा, तुमचा नंबर कितवा?”

पैलवानानं दचकून मान वर केली. “आं? माझा व्हय? तुमच्या आधीच हाय की.” त्यानं तिच्या सुजलेल्या बोटाकडे पाहिलं. “पण तू जा पोरी आधी. लई सुजलंय. मी बसतो निवांत.”

त्यानं अंक मिटून बाकावर ठेवला, मान दोन्हीकडे कडाकड मोडली आणि एक दणदणीत श्वास घेतला. तालमीतल्या तांबड्या मातीत मिळवलेला, भात्यासारखा, सगळ्या खोलीची हवा ओढून घेणारा. केतकी त्याच्यासमोर तशीच उभी होती. 

आतलं दार उघडलं. कंपाउंडरनं बाहेर डोकावून हाक दिली, “म्हेत्रे कोण आहे?”

“मी,” केतकी म्हणाली.